दोघे भाऊ एका होडीत

होडी धक्क्याला लागली तशी मोठ्या भावाने आधी ताईला हात देऊन उतरवलं, मग दोन्ही बॅगा फळ्यांवर ठेवल्या आणि पाठ सरळ करत उभा राहिला. समोर लॉज होतं. पाण्यात रोवलेल्या लाकडी खांबांवर लांबलचक व्हरांडा, त्याच्या मागे कॅनव्हासच्या खोल्यांची रांग आणि सगळ्यांना जोडणारी फळ्यांची वाट. चहूकडे पाणी आणि पुरुषभर उंचीचे बोरू. व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत एक माणूस चहा पीत बसला होता. पायावर पाय, आणि वरचा पाय सारखा हलतोय. चेहरा नीट दिसण्याआधी मोठ्याने तो पाय ओळखला.

"ताई," तो म्हणाला, "हा इथे काय करतोय?"

"चहा पितोय," ताई म्हणाली आणि बॅग त्याच्यावर सोडून पुढे चालायला लागली.

तो धाकटा होता, मोठ्याचा सख्खा भाऊ. गेली आठ-नऊ वर्षं दोघांत अवाक्षराची देवाणघेवाण नव्हती. बरं, लांब राहून अबोला धरणं सोपं असतं. हे दोघं रोज दिवसभर एकमेकांपासून हातभर अंतरावर बसून गप्प होते.

त्याचं असं झालं होतं. वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं. मोठा पुढे बसून डोळे तपासायचा, धाकटा मागे बसून काचा घासायचा. वडील गेल्यावर धाकट्याच्या डोक्यात नंबर काढायचं मशीन आलं. मोठा म्हणाला, या दुकानात माणसाचा डोळा माणूसच तपासेल. धाकटा म्हणाला, अर्धं दुकान माझं आहे. मोठा म्हणाला, मग घे अर्धं. रागाच्या भरात माणूस बोलून जातो, पण धाकट्याने ते शब्दशः घेतलं. सुतार आला, आणि दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. खिडकी धाकट्याच्या वाट्याला गेली, मोठ्याकडे ट्यूबलाइट आली. भिंत इतकी पातळ, की इकडे कुणी शिंकलं तर तिकडचं गिऱ्हाईक रुमाल काढायचं. धाकट्याच्या मुलीचं लग्न ठरल्याचं मोठ्याला भिंतीतूनच कळलं. लग्नाला तो गेला, जेवला, पुतणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि भावाशी न बोलता घरी आला.

ताई या दोघांहून मोठी. सगळा जन्म हॉस्पिटलच्या वॉर्डात नर्स म्हणून काढलेली. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. तिचं बोलणं गोळ्या दिल्यासारखं: वेळेवर, मोजकं, आणि तुम्हाला हवंय का असं न विचारता. सत्तरी जवळ आली तेव्हा तिने जाहीर केलं, की आयुष्यभर लोकांची अंथरुणं बदलली, आता मला बिबट्या बघायचाय, तोही पिंजऱ्याबाहेरचा. मोठ्याला ती म्हणाली, "मी एकटीच चाललेय, सोबतीला ये." धाकट्यालाही तेच म्हणाली, फक्त त्याला आधीच्या होडीने पुढे जायला सांगितलं. तिचा सगळा बेत दोघांच्या अबोल्यावर उभा होता. दोघं बोलत असते तर तो पहिल्याच दिवशी फुटला असता.

परत जायची सोय नव्हती. होडी फक्त सकाळी शहराकडे जायची. शिवाय खोल्या दोनच घेतलेल्या. एक ताईची, एक भावांची.

"मला वेगळी खोली नाही का मिळणार?" मोठ्याने लॉजच्या मॅनेजरला विचारलं.

"सगळं भरलंय, काका. मावशीला पिल्लू झालंय ना, त्यामुळे गर्दी आहे."

"कुणाच्या मावशीला?"

मॅनेजर हसला. मावशी म्हणजे या भागातली बिबट्याची मादी. लॉजवरचे सगळे तिला मावशीच म्हणायचे. मावशी काल दिसली, मावशी आज रुसलीय, मावशीने बेटावर हरण मारलं, असं सगळं घरच्यासारखं चाले.

खोलीत दोन खाटा होत्या, मधे एक बुटकं टेबल. धाकट्याने खिडकीकडची खाट आधीच पकडली होती. मोठ्याने ते बघितलं आणि मनात म्हणाला, म्हणजे खिडकी इथेही यालाच. मग बॅग उघडली, टॉवेल काढला, टेबलावर आपला कंगवा आणि औषधं अशी ओळीने मांडली की टेबलाचेही दोन भाग झाले. धाकट्याने ती रेघ ओळखली आणि आपला मोबाइल आपल्या हद्दीत ओढून घेतला.

मोठा ताईच्या खोलीत गेला. "त्याला सांग, रात्री दिवा चालू ठेवून वाचत बसू नकोस म्हणावं."

"मी रिटायर झालेय," ताई म्हणाली. "निरोप-बिरोप बंद."

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीत पाच माणसं होती. मागे बांबू घेऊन नावाडी, पुढे गाइड, आणि मधल्या दोन फळ्यांवर ही तीन भावंडं. गाइड तिशीची मुलगी होती, उन्हाने रापलेली, डोक्यावर रुंद टोपी. निघण्याआधी तिने नियम सांगितले. जॅकेट काढायचं नाही, होडीत उभं राहायचं नाही, पाण्यात हात घालायचा नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोलायचं नाही.

"फार लोकांना हेच जमत नाही," ती म्हणाली.

यांना जमलं. कालव्यासारख्या चिंचोळ्या पाण्यातून होडी सरकत राहिली. इंजिन बंद करून नावाडी बांबूने रेटत होता. पाणकोंबड्या जलपर्णीवरून तुरुतुरु पळत होत्या, पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते. चिखलात उमटलेले ताजे पंजे गाइडने बोटाने दाखवले. मावशी काही दिसली नाही. पण परतल्यावर गाइडने तोंड भरून कौतुक केलं. "इतके शांत पाहुणे मी अजून बघितले नाहीत. तोंडातून शब्द नाही. शिस्त असावी तर अशी."

ताईला ठसका लागला. धाकटा बोटांची नखं बघायला लागला.

मोठ्याचं लक्ष वेगळीकडेच होतं. त्या सकाळी तो एकसारखा दुर्बिणीचं चाक फिरवत बसला होता आणि शेवटी त्याने ती ताईकडे देऊन टाकली. "काच बरोबर नाहीये," तो म्हणाला. जन्मभर काचांचा धंदा केलेल्या माणसाने सांगितलं, तेव्हा ताईने मान हलवली.

काच बरोबर होती. मोठ्याचा डोळा बरोबर नव्हता.

आधी उजवा गेला होता. गेला म्हणजे अंधार झाला नाही. समोर बघितलं की मधोमध एक डाग, पेल्याच्या तळाशी गाळ बसावा तसा. कडेकडेने सगळं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलेलं. दुकानात एकट्याने बसून त्याने एक डोळा झाकला होता आणि चौकटीच्या कागदाकडे बघितलं होतं. मधल्या रेघा वाकलेल्या होत्या. त्या वाकण्याचा अर्थ त्याने आजवर कितीतरी गिऱ्हाइकांना सांगितला होता. 'उद्या नाही, आजच डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरकडे जा,' असं सांगून त्यांना अक्षरशः दुकानाबाहेर काढलं होतं. स्वतःच्या बाबतीत मात्र त्याने डोळेझाक केली.

कारण तसं साधंच होतं. डॉक्टर म्हणणार, काम थांबवा. काम थांबलं की दुकान बंद. आणि दुकान बंद झालं की भिंतीच्या अलीकडची शांतता सगळ्यात आधी कुणाला ऐकू येणार, तर पलीकडच्याला. ते त्याला नको होतं. मग तो ढकलत राहिला. अक्षरांचा तक्ता पाठच होता, तेव्हा गिऱ्हाईक चुकलं की बरोबर, हे न बघताही कळायचं. घरी बायकोला थांगपत्ता लागू दिला नाही. मुलगा परदेशी. डावा डोळा चांगला आहे तोवर चाललंय, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

आणि निघायच्या आधल्या आठवड्यात दाढी करताना, उजवा डोळा मिटलेला असताना, आरशाची उभी कड त्याला पोट आल्यासारखी दिसली. तो डावा होता.

ताईबरोबर यायला तो एवढ्या पटकन हो म्हणाला, ते यासाठी. बघायचं राहून गेलेलं काहीतरी मोठं एकदा बघून घ्यावं, एवढाच विचार.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी दिसली. म्हणजे इतरांना दिसली. पाण्यावर झुकलेलं एक जाड झाड होतं, त्याच्या फांदीवर ती पोट टेकून, चारी पाय लोंबकळत सोडून पसरली होती. पिल्लू बुंध्याशी खेळत होतं. गाइडने हात वर केला, नावाड्याने बांबू चिखलात रोवला, होडी थांबली. ताईने श्वास आत घेतला आणि तो सोडायलाच विसरली. आपण एवढा आवाज न करता एवढं खूश होऊ शकतो, हे तिचं तिलाही माहीत नसावं.

"दिसली ना, काका?" गाइडने कुजबुजत विचारलं. "पांढऱ्या फांदीच्या डावीकडे."

मोठ्याने बघितलं. झाड होतं, म्हणजे असावं. हिरवं-तपकिरी काहीतरी हलत होतं आणि त्याच्या बरोबर मधे तो डाग. त्याने मान तिरकी केली, हनुवटी वर केली, पुन्हा खाली आणली.

"हो, हो," तो म्हणाला. "दिसली की. काय रुबाब आहे."

"शेपटी बघा कशी हलवतेय."

"हो ना."

मग मावशी उठली, अंग ताणलं, बुंध्यावरून सरसर उतरली, पिल्लाला डोक्याने ढकलत बोरूत शिरली आणि दिसेनाशी झाली. ताईने दुर्बीण खाली केली. गाइडने नावाड्याला खूण केली. मोठा अजून त्याच फांदीकडे बघत, कौतुकाने मान हलवत होता.

"अशी निवांत पडलेली बघायला मिळणं म्हणजे नशीबच," तो हळूच म्हणाला.

गाइड त्याच्याकडे बघून गोंधळली, पण पाहुण्यांना खोडायची तिला सवय नव्हती. ताईचं लक्ष बोरूकडे होतं. मागच्या फळीवर बसलेल्या धाकट्याने मात्र सगळं बघितलं. फांदी रिकामी होती आणि दादा तिच्याकडे बघून खूश होत होता. धाकट्याने त्याची ती तिरकी मान बघितली, वर केलेली हनुवटी बघितली. आयुष्यात हजारो गिऱ्हाइकं बघितलेल्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही. त्याचा पाय हलायचा थांबला होता.

दुपारी जेवण झाल्यावर मोठा खाटेवर आडवा झाला. बाहेर ऊन होतं, पाण्याचा उजेड कॅनव्हासवर हलत होता. धाकटा आत आला आणि आपल्या खाटेवर बसला. मग म्हणाला,

"कुठला डोळा?"

इतक्या वर्षांनी कानावर आलेले हे पहिले शब्द. मोठ्याला आधी वाटलं, फोनवर बोलतोय.

"तुला विचारतोय, दादा. उजवा की डावा?"

"मला काहीही झालेलं नाही."

"ऊठ."

"मला झोपायचंय."

"ऊठ म्हटलं ना. इकडे ये."

मोठा उठला. का उठला ते त्याला नंतरही सांगता आलं नसतं. धाकट्याने त्याला दंडाला धरून खिडकीसमोर उभं केलं. खिडकीला डासांची जाळी होती, बारीक चौकोनांची, मागे आभाळाचा पांढरा उजेड.

"उजवा झाक. सरळ जाळीकडे बघ."

"ही परीक्षा मी तुला शिकवलीय," मोठा म्हणाला.

"हो, तूच शिकवलीयस. झाक डोळा."

मोठ्याने तळव्याने उजवा डोळा झाकला. जाळी दिसली. मधे चौकोन ताणले गेले होते, कुणीतरी पलीकडून बोट खुपसल्यासारखे, आणि त्यांच्यावर आता तसाच गाळ बसायला लागला होता.

"रेघा वाकड्या दिसतात?"

मोठ्याने डोळ्यावरचा तळवा काढला आणि पुन्हा ठेवला.

"दादा, वाकड्या दिसतात का?"

"दिसतात."

"किती दिवस?"

"आठवडा झाला असेल. जास्तच थोडा."

"आणि उजवा?"

"तो सोड. तो मागेच गेला."

धाकटा मटकन खाटेवर बसला. मग एकदम उसळला. "आठवडा? डाव्याला आठवडा झालाय आणि तू होडीत बसून पक्षी बघत फिरतोयस? गिऱ्हाइकाने असं केलं असतं तर तू त्याला जोड्याने मारलं असतंस."

"गिऱ्हाइकाच्या डोक्यावर दुकान नसतं."

"माझ्याकडे आता दुसरं मशीनही आहे. पडद्याचा फोटो निघतो त्यात. सहा महिन्यांपूर्वी नुसतं येऊन बसला असतास तर..."

"येऊन बसलो असतो? कुठून? भिंतीतून?"

"भिंतीत दार ठेवू म्हटलं होतं मी. सुतार समोर उभा होता. तू म्हणालास, फट राहता कामा नये."

"म्हणालो असेन. आणि तू लगेच ऐकलंस. बाकी कधी माझं ऐकलंस?"

"तू ऐकण्यासारखं कधी बोललास?"

आवाज चढले होते. कॅनव्हासच्या भिंती प्लायवूडपेक्षाही पातळ. पलीकडच्या खोलीत ताई पडली होती. आधी तिला वाटलं, स्वप्न पडतंय. मग तिने उठून बसत हात मांडीवर ठेवले आणि ऐकत राहिली. भांडण रंगात येतंय म्हटल्यावर तिला इतकं बरं वाटलं की ती थोडी हसलीसुद्धा. आणि मग 'डावा' आणि 'पडदा' हे शब्द तिच्या नर्सच्या कानात शिरले. ती चपला न घालताच आली.

"काय झालंय?"

मोठ्याने तोंड फिरवलं. मग धाकट्याने सांगितलं. ताईने मोठ्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, जणू तिला आत काही दिसणार होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू सांगितलं असतंस याला."

"सांगितलंच असतं."

धाकटा मॅनेजरच्या ऑफिसात गेला. तिथे एकच फोन चालायचा. त्याच्या ओळखीच्या पडद्याच्या डॉक्टरशी तो दरवाजा लावून बोलला. परत आला तेव्हा त्याचा राग उतरला होता आणि त्याजागी घाई आली होती. "उद्या दुपारी बोलावलंय. सकाळच्या पहिल्या होडीने निघायचं. इंजेक्शनं द्यावी लागतील, डोळ्यातच. डावा वाचायची शक्यता चांगली आहे म्हणाले, उशीर नको."

"ताईची सुट्टी..." मोठा म्हणाला.

"ताईची सुट्टी ताई घेईल," ताई म्हणाली. "तुम्ही दोघं जा. मी इथेच राहणार आहे. मला पिल्लू परत बघायचंय."

"एकटी?"

"मी एकटीच येणार होते. तसं तुम्हा दोघांना मी स्पष्ट सांगितलं होतं."

संध्याकाळच्या फेरीला जायचं की नाही यावर थोडी खडाखडी झाली. मोठा म्हणाला, खोलीत पडून डोळा सुधारणार नाहीये. ते खरं होतं, म्हणून तिघंही गेले. यावेळी धाकटा मागच्या फळीवर बसला नाही. तो दादाच्या शेजारी, डाव्या बाजूला बसला. होडी जरा कलली. नावाड्याने बांबू दुसऱ्या बाजूला घेतला.

सकाळच्या झाडापासून थोडं पुढे, जिथे पाणी रुंद होतं, तिथे हरणं ओरडायला लागली. गाइडने हात वर केला. समोरच्या काठावर बोरू हलले आणि मावशी बाहेर आली. एकटीच. पाण्याजवळ येऊन ती थांबली, अलीकडचा काठ बघितला, होडी बघितली, आणि होडीत काही दखल घेण्याजोगं नाही असं ठरवून पाण्यात उतरली.

"दादा," धाकट्याने त्याच्या कानाशी लागून म्हटलं. "पाण्यात आहे. पोहतेय. आपल्याकडेच येतेय."

"दिसत नाहीये."

"सरळ बघू नकोस. सरळ बघितलंस की डाग तिच्यावर येतो. वर बघ. तिच्या डोक्यावर, झाडांचे शेंडे आहेत ना, तिथे."

"मग ती कशी दिसेल?"

"दिसेल. तू बघ तर."

मोठ्याने झाडांच्या शेंड्यांकडे नजर लावली. जे बघायचं त्याच्याकडे न बघणं फार कठीण असतं, डोळा आपोआप खाली घसरतो. दोनदा घसरला. धाकट्याने आपलं बोट त्याच्या चेहऱ्यासमोर धरलं. "बोटाच्या टोकाकडे बघ. तिथून हलू नकोस."

आणि नजरेच्या खालच्या कडेला, थोडं अस्पष्ट, पण खरंखुरं, काहीतरी पाणी कापत आलं. आधी फक्त पाण्यातली फाकत जाणारी रेघ. मग तिच्या टोकाला डोकं, चपटं, कान मागे पाडलेले. मोठ्याने श्वास रोखला.

"डोकं," तो म्हणाला.

"हो."

"कान मागे आहेत."

"हो. आता उथळ पाण्यात आली. उभी राहतेय. बोट हलवतो, मागे मागे ये."

बोट हळूहळू सरकलं, मोठ्याची नजर त्याच्यामागून गेली, आणि खाली मावशी काठावर चढली. भिजून काळपट झालेलं अंग, त्याच्यावर ठिपके. तिने अंग झटकलं. पाण्याचे थेंब सूर्याच्या तिरक्या उजेडात उडाले आणि ते मोठ्याला सगळ्यात स्पष्ट दिसले.

"थेंब उडाले," तो म्हणाला. "ठिपके पोटाकडे मोठे आहेत का?"

"पाठीवर मोठे आहेत. पोटाकडे कमी."

"पोटाकडे मोठे वाटले मला."

"पाठीवर आहेत, दादा. मला दिसतायत ना."

"काका," गाइड मागे वळून म्हणाली. तिच्या आवाजात कुजबूज होती, पण धारही होती. "कृपया बोलू नका."

दोघं क्षणभर थांबले. मावशी काठाने चालत निघाली.

"डावीकडे वळली," धाकटा आणखी खालच्या आवाजात म्हणाला. "ती बघ, शेपटी..."

"कृपया," गाइड म्हणाली.

ताई पुढच्या फळीवर पाठमोरी बसली होती. ती वळली नाही. दुर्बीण तिने डोळ्यांना लावलेली होती, पण मावशी केव्हाच गवतात गेली होती आणि ताईची दुर्बीण तिथेच राहिली होती. थोड्या वेळाने तिने ती काढली आणि काचा साडीच्या पदराने पुसायला लागली.

लॉजवर उतरल्यावर गाइडने तिला बाजूला घेतलं. "राग मानू नका, पण तुमच्या भावांना जरा समजवा. पहिल्या दिवशी किती छान होते."

"ते आजारी होते," ताई म्हणाली. "आता बरे झालेत."

सकाळच्या होडीने दोघं भाऊ गेले. दुपारी डॉक्टरने मोठ्याला तपासलं. उजव्या डोळ्याचं काही करता येणार नव्हतं, मधली नजर गेली ती गेली. कडेची राहील, चालता-फिरता येईल. डाव्यात त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन दिलं. बाहेर धाकटा खुर्चीत बसून पाय हलवत होता. आत सुई जात होती तेव्हा मोठ्याने घाबरून डॉक्टरच्या मदतनीस बाईचा हात धरून ठेवला होता, आणि हे धाकट्याला सांगू नका, असं तिला बजावलंही होतं.

पुढे दर महिन्याला जावं लागलं. डाव्या डोळ्याच्या रेघा पूर्ण सरळ झाल्या नाहीत, पण आणखी वाकल्याही नाहीत. वर्तमानपत्राचे मथळे तो वाचू शके, बातमी बायको वाचून दाखवी. नंबर तपासायचं काम त्याने सोडलं. त्याचा त्रास त्याला झाला, आणि काही दिवस तो घरात सगळ्यांवर खेकसत राहिला. मग एकदा धाकट्याकडे गर्दी झाली असताना तो जाऊन बसला आणि लोकांच्या नाकावर फ्रेम बसवून द्यायला लागला. त्या कामाला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात. कुणाचा कान उंच, कुणाचं नाक चपटं, हे त्याची बोटं सांगायची. मशीनबद्दल त्याचं मत बदललं नाही. 'ते आकडा काढतं, माणूस नाही बघत,' असं तो गिऱ्हाइकासमोरच म्हणायचा, आणि धाकटा मशीनच्या मागून म्हणायचा, "दादा, फ्रेम बसव."

ताई ठरलेले सगळे दिवस राहून परत आली. तिने पिल्लू आणखी दोनदा बघितलं. आल्यावर तिने दोघांनाही फोन केला, वेगवेगळा, आणि दोघांना एकच बातमी सांगितली. सवय अशी लवकर जात नाही.

पाचव्या की सहाव्या इंजेक्शनच्या वेळची गोष्ट. हॉस्पिटलच्या बाहेरच्या खोलीत भाऊ बसले होते. मोठ्याच्या डोळ्यात थेंब घातलेले, त्यामुळे समोर सगळं धुकट. पलीकडे एक आजी उभ्या होत्या, हातात पिशवी, बसायला जागा नाही. त्यांनी बराच वेळ धीर गोळा करून मोठ्याला विचारलं,

"तुम्ही आधी घेतलंय का हे? फार दुखतं का हो?"

"दुखत नाही," मोठा म्हणाला. "दाबल्यासारखं होतं थोडं. वर बघायला सांगतात तेव्हा वर बघायचं. सुई दिसतच नाही."

"खरं सांगताय?"

"खरं. पहिल्या वेळी मी आतल्या बाईंचा हात धरला होता. त्या धरू देतात."

धाकट्याचा पाय थांबला. त्याने दादाकडे बघितलं.

"बरोबर कुणी आलंय का तुमच्या?" मोठ्याने विचारलं.

"नाही. कुणाला सुट्टी मिळाली नाही."

"सरक जरा," मोठा भावाला म्हणाला. धाकटा सरकला. त्याने आजींच्या हातातली पिशवी घेऊन आपल्या मांडीवर ठेवली, आणि आजी दोघांच्या मधे बसल्या.